चार दिवसांची दाढी

आदिलाबाद
९ जून २०२४

आत्या,

पाया पडते. कंडक्टरच्या हाती पाठवलेल्या ज्वारीच्या पापड्या पोचल्या. अर्ध्या मोडल्या होत्या, पण चव काही मोडली नाही.

तू त्याच्याजवळ निरोप दिला, की फोन काऊन उचलत नाही. सांगते. फोनवर माझा आवाज ऐकला की समोरचा माणूस ‘हां भैया, बोलिये’ म्हणते. गॅसवाला म्हणते, बँकेची पोरगी म्हणते. दिवसातून दहा वेळा. तुझ्याशी बोलतानाही मी आवाज बारीक करायला लागते, त्याच्यातच सारा जीव जाते, आणि तू काय बोलली ते राहूनच जाते. पत्रात ना आवाज ऐकू येते, ना तोंड दिसते. म्हणून पत्र. वीस-पंचवीस किलोमीटरसाठी टपालाचा खर्च करणारी मी एकटीच असेन.

एक अट आहे. मोठ्यानं वाचल्याशिवाय तुला अक्षर लागत नाही, हे मला माहीत आहे. लहानपणी तू रेशनकार्डसुद्धा भजनासारखं वाचायची. म्हणून हे घरात वाचू नको. बाबा ओट्यावर असतात. गोठ्याकडं जा, वावरात जा, कुठंही जा, पण एकटी वाच. सहा वर्षांआधी त्याच ओट्यावरून ते मला म्हणाले होते, ‘या तोंडानं या ओट्यावर पाय ठेवू नको.’ मी ठेवला नाही. माझ्या तोंडाची बातमीही तिथं जायला नको.

आता तोंडाचीच बातमी. न्हाव्याच्या घरात जन्मले आणि जन्माचं दुखणं कोणतं, तर दाढी! हस, हस. मीही हसते कधी कधी.

हार्मोनच्या गोळ्या सुरू होऊन चार वर्षं झाली. अंग बदललं, कातडी मऊ झाली, पण दाढीला गोळी लागत नाही. डॉक्टरीणबाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एकदा उगवलेली दाढी औषधानं जात नाही, ती काढावीच लागते. मग मी काय काय नाही केलं! क्रीम लावलं, तर हनुवटी भाजून आठ दिवस ओढणीत तोंड लपवलं. वॅक्स केलं, त्यात कातडी निघाली आणि केस राहिले. पार्लरवाली दोऱ्यानं काढायला बसली, तिचा दोराच तुटला. ‘दीदी, ये तो तार है,’ म्हणाली. दीदी म्हणाली ते बरं वाटलं, तार म्हणाली ते नाही.

रोज सकाळी अंघोळीआधी एकदा दाढी करते. दुपारी तीनला दुकानाच्या मागच्या खोलीत दुसऱ्यांदा करते, कारण तोवर पावडरखालून निळं दिसायला लागते. दुकान म्हणजे रंजीता अक्काचं लेडीज टेलरिंग. मी तिथं ब्लाउजची मापं घेते. बाया माझ्यासमोर पदर बाजूला करतात, हात वर करून उभ्या राहतात, नवऱ्याची तक्रार सांगतात. मला त्या एका कामासाठी जगावंसं वाटते, आत्या. म्हणून तर हा सारा आटापिटा.

आता नागपूरला लेझर करून राह्यली आहे. दर सहा आठवड्यांनी एकदा. पाच तास जायचं, पाच तास यायचं, आणि मध्ये वीस मिनिटं गालावर रबर मारल्यासारखे चटके. सहापैकी तीन वेळा झालं. चौथं पुढच्या महिन्यात आहे. थकून जाते. पण फरक पडून राह्यला आहे, हे खरं.

पत्ता मागं लिहिला आहे. जमलं तर दोन ओळी लिही.

तुझी
सुनयना

•

तामसी मंडल
२० जून

लेकराले जयवंता आत्याचे लय लय आशीर्वाद.

तुहं पत्र गोठ्याच्या मांगं नेऊन वाचलं. कोणी नोतं. म्हशीनं आयकलं असन त आयकलं.

माहं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. सांभाळून घेजो. चौथीच्या वर शाळा नाई आन् चष्म्याची एक दांडी मोडली आहे, ती दोऱ्यानं कानाले बांधतो आमी.

दिवसातून दोनदा वस्तरा म्हणजे लयच झालं. दाढी करताना गरम पाण्याचं फडकं आधी दोन-तीन मिनिटं गालावर ठेवत जाय. घाई करू नोको. तुह्या डाव्या जबड्याखाली भोवरा आहे, तिथं केस उलटा फिरते. तिथं खालून वर वस्तरा नेशील त कापते. तिथं कानाकडून हनुवटीकडं ने. झालं की तुरटी फिरव, पावडर नाई.

आन् ते लेझरचं. जाच्या आधी आठ दिवस बसून चिमट्यानं एकेक केस मुळासकट उपटून काढ. वरून कापून काय फायदा? मूळ राह्यलं त वावर साफ होत नाई. मोकळं तोंड घेऊन जाय, म्हणजे मशीनले सोपं पडन आन् तुले चटकाबी कमी बसन.

इकडं पेरणी आटपली. धोंडीबा बरा आहे. तुहा बाप आहे, पण माहा लहान भाऊ आहे, म्हणून मी त्याले धोंडीबाच म्हणीन. सकाळी ओट्यावर पोतं अंथरते, धोकटी उघडते, दाढ्या करते, दुपारी झोपते. बोलणं कमीच.

पापड्या अजून पाठवतो. या खेपेले कागदात नाई, डब्यात.

जयवंता आत्या

•

आदिलाबाद
१४ जुलै

आत्या,

काल नागपूरला जाऊन आले आणि लेझर न करताच परत आले.

तू सांगितलं तसंच केलं होतं. आठ दिवस, दुपारच्या सुट्टीत, दुकानाच्या मागच्या खिडकीत आरसा टेकवून, एकेक केस उपटला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. रंजीता अक्का म्हणाली, ‘नको ग पोरी, मला पाहवत नाही.’ पण मी हट्टानं बसले. शेवटच्या दिवशी तोंडावरून हात फिरवला, तर इतकं गुळगुळीत, की अक्काचाही हात धरून फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा दुपारी दाढी केली नाही.

लेझरवाल्या बाईनं माझं तोंड दिव्याखाली धरलं आणि विचारलं, ‘केस कुठे गेले?’ मी मोठ्या ऐटीत सांगितलं, मुळासकट काढले म्हणून. तिनं मशीन बंदच केलं.

आत्या, लेझरचा उजेड काळा केस पाहते, त्या केसाला धरून खाली मुळापर्यंत जाते आणि मुळाला भाजते. केसच नसला तर उजेड धरणार काय? आदल्या दिवशी वस्तरा चालते, उपटलेलं चालत नाही. दोरा, वॅक्स, चिमटा, सगळं बंद. आता केस परत मुळातून उगवेपर्यंत सहा आठवडे थांबायचं, आणि मग चौथं लेझर.

बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. पांढरकवड्याला चहाला गाडी थांबली, उतरले नाही. तसं गुळगुळीत तोंड घेऊन जगात कुठंही जाता आलं असतं, पण जावंसं वाटलं नाही. थोड्या दिवसांत परत तार उगवणार, आणि आता उपटायचीही नाही.

तुझ्यावर रागावले नाही. खरंच नाही. तुला काय माहीत असणार, आणि मीही डॉक्टरीणबाईला आधी विचारायला पाहिजे होतं. मला वाटलं, आपल्या घरापेक्षा दाढीतलं जास्त कोणाला कळते!

पण एक विचारते. डाव्या जबड्याखालच्या भोवऱ्याचं तुला कसं माहीत? मी म्हटलं, लहानपणी तेल लावून द्यायची तेव्हा पाहिला असेल. मग आठवलं, तेव्हा कुठं होती दाढी!

सुनयना

•

आदिलाबाद
३ ऑक्टोबर

आत्या,

अडीच महिने झाले. तुझं पत्र नाही. कंडक्टरजवळ डबा नाही. मी ऑगस्टमध्ये एक कार्ड टाकलं होतं, त्याचंही उत्तर नाही.

तू आजारी नाहीस, एवढं कंडक्टरनं सांगितलं. म्हणजे दुसरंच काहीतरी आहे. बाबांना पत्रं सापडली असतील, त्यांनी लिहू नको म्हटलं असेल. किंवा तुलाच नको झालं असेल. दाढीचंच काय सारखं सांगते हे लेकरू, असं वाटलं असेल. वाटलं असेल तर तसं लिही. मी दुसरं काही लिहीन. पण सांगायला माझ्याजवळ दुसरं काही नाही ग. माझं सकाळचं पहिलं काम तेच आणि दुपारचं मधलं काम तेच.

आज लिहायला बसले, कारण काल बाबा दिसले.

बसस्टँडसमोर जनरल स्टोअरमध्ये मी अस्तराला मॅच होणारा दोरा घ्यायला गेले होते. ऊन कडक होतं, म्हणून इथल्या सगळ्या पोरी बांधतात तसा स्कार्फ बांधला होता, नुसते डोळे उघडे. बाबा दुकानात ब्लेडची पाकिटं घेत होते. एका हातातून दुसऱ्या हातात मोजत. केस सगळे पांढरे झाले ग. खांदा खाली आला आहे. सदऱ्याचं दुसरं बटण वेगळ्या रंगाचं आहे, ते तू लावलं असशील.

मी हललेच नाही. ते वळले, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, ‘बाई, तामसीची बस गेली काय?’

बोलले असते तर आवाज ओळखला असता. मी मान हलवली, नाही म्हणून, आणि फलाटाकडं बोट दाखवलं. ते म्हणाले, ‘बरं,’ आणि गेले. बस सुटेपर्यंत मी दुकानातच उभी राहिले. दोरा चुकीच्या रंगाचा आणला.

बाई म्हणाले मला. अनोळखी बाईला म्हणतात तसं. त्याचा आनंद करू की आणखी काही करू, तेही कळत नाही. थकले आहे म्हणून असेल.

दोन ओळी लिही.

सुनयना

•

तामसी मंडल
२४ ऑक्टोबर

लेकरा,

मी बरी आहे. गुडघा दुखते. कापूस वेचाले जातो, कमरेले ओटी बांधून वाकलं की उठाचं कठीण. म्हणून लिहिलं नाई.

ते उपटाचं सांगतलं, ते चुकलं. लयच चुकलं. तुहे आठ दिवस गेले, तुहं लेझर गेलं, ते आमच्यामुळं. आपल्याले जे कळत नाई त्यात बोलू नये. आता त्यातलं काईच सांगणार नाई. ते मशीनवाल्या बाईले इचारत जाय.

आन् तुही दाढीची गोष्ट आयकून कटाळा आला, असं मनात आणू नोको. असं लिहिलं त मार खाशील.

धोंडीबाले पत्र सापडलं नाई. त्यानं बस पकडली, घरी आला, जेवला. काई बोलला नाई.

भोवऱ्याचं मंग सांगीन कदी तरी.

तुले डब्यात तिळाची चटणी पाठवली आहे. कंडक्टर नवीन आहे, त्याले नाव सांगजो.

जयवंता आत्या

•

आदिलाबाद
२२ जानेवारी २०२५

आत्या,

चटणी संपली. डबा धुऊन ठेवला आहे.

तू त्यातलं काही सांगणार नाही म्हणाली. नको सांगू. फक्त ऐक. मला कोणाला तरी हे पूर्ण सांगायचं आहे.

लेझर संपलं. सहाही वेळा झालं. गालाची बहुतेक दाढी गेली, गळ्याची गेली. राहिली ती हनुवटीवरची आणि ओठावरची, आणि ती आहे पांढरी. डॉक्टरीणबाई म्हणाली, लेझरला पांढरा केस दिसतच नाही, शंभर वेळा मारलं तरी तो तिथंच राहणार. छत्तीसाव्या वर्षी माझी हनुवटी म्हातारी झाली ग.

मग राहिली सुई. प्रत्येक केसाच्या बाजूनं बारीक सुई आत घालतात, करंट देतात, मूळ जाळतात आणि केस काढून घेतात. एकेक. काळा असो, पांढरा असो, सुईला फरक पडत नाही. जे मूळ नीट जळलं ते परत येत नाही. पण एका वेळेला तासभरच सहन होते आणि तेवढ्यात अंगठ्याएवढी जागा होते. काही केस दुसऱ्यांदा उगवतात, ते परत जाळायचे. दीड वर्ष, कदाचित दोन. महिन्यातून दोनदा नागपूर.

तेही केलं असतं. दुखण्याची सवय झाली आहे. पण सुईला केस धरायला पाहिजे. म्हणजे आधीचे चार दिवस वस्तरा लावायचाच नाही. दाढी वाढवून जायचं.

या सोमवारी पहिल्यांदा गेले. त्याच्या आधीचे चार दिवस सांगते.

गुरुवारी जमलं, पावडर जास्त लावली. शुक्रवारी रंजीता अक्काकडं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तिनं मला पहिल्यांदाच बोलावलं होतं, बाकीच्या बायांसारखं, घरी येऊन. मी जांभळी साडी काढून ठेवली होती. आणि दाढीचा दुसरा दिवस. मी स्वयंपाकघरात बसून तिळाच्या वड्या ताटात लावत राहिले. बाया बाहेर हसत होत्या, उखाणे घेत होत्या. अक्का आत येऊन माझ्या कपाळाला हळदकुंकू लावून गेली, पण दार ओढून घेतलं तिनं. माझ्यासाठीच ओढलं, मला माहीत आहे.

शनिवारी कौशल्याबाई आल्या, मापाला. तीन वर्षांच्या गिऱ्हाईक. मी मास्क लावला होता, पण टेप मानेमागून घेताना मास्क खाली सरकला. त्यांची नजर माझ्या हनुवटीवर थांबली. त्यांनी हात खाली घेतले आणि पदर वर ओढून घेतला. ‘आज राहू दे, मी नंतर येईन,’ म्हणाल्या. अक्कानं मला मागच्या खोलीत बसवून विचारलं, ‘ते चार दिवस तू येऊच नको काय ग? इथं बसून तुलाच त्रास.’ चांगल्या मनानं म्हणाली. पण महिन्यातून दोनदा चार-चार दिवस मी दुकानात नाही, तर दुसरी पोरगी मापं घेणार. मग मी कशाला?

रविवारी खोलीवर. आमच्या चाळीत नळ एकच, अंगणात. मी दिवसभर पाणी भरलं नाही. कालच्या उरलेल्या पाण्यात चहा केला.

दुकानात नाही, खोलीवर नाही. चार दिवसांची दाढी घेऊन माणसानं जायचं कुठं? वस्तऱ्यानं रोज दोनदा करायची म्हटली तर मरेपर्यंत तेच, आणि सत्तराव्या वर्षी हात कापायला लागला की मग? सुई म्हटली तर दोन वर्षं दर पंधरा दिवसांनी हे असे चार दिवस.

आणि तिसरा एक रस्ता आहे. तो कोणाला सांगितला नाही, तुला सांगते. सगळं सोडून द्यावं. वाढू द्यावी दाढी. एका सकाळी बसमध्ये बसावं, जुन्या नावानं, करण म्हणून, गावात उतरावं. बाबा काही बोलणार नाहीत. त्यांच्या बाजूला मी वस्तरा धरून उभी राहीन, अर्ध्या दाढ्या मी करीन. मी मरून जाईन आतून, पण निदान तेवढा ओटा तरी मिळेल बसायला. परवा बसमध्ये हे पाच तास घोळवत होते आणि मला ते वाईटही वाटलं नाही. एवढी थकले आहे.

त्यांच्याकडं गर्दी आहे, म्हणून पुढची तारीख एकदम २४ फेब्रुवारी दिली आहे. जाऊ की नको, ते ठरवलं नाही.

सुनयना

•

तामसी मंडल
२ फेब्रुवारी

सुनयना,

हे पत्र लिहाले मले तीन दिवस लागले. चष्म्याची दुसरी दांडीबी गेली.

आधी माहा गुन्हा सांगतो. तू म्हणली होती एकटी वाच. मी पयल्या दिवशी खरंच गोठ्याच्या मांगं गेलती. पण गोठ्याची आन् ओट्याची भिंत एकच आहे, हे तुले माहीत आहे आन् मलेबी माहीत होतं. मनातल्या मनात वाचाले मी बसून पाह्यलं, नाई जमत. मंग म्हटलं, हळू वाचू. माहं हळू म्हणजे किती हळू असते, ते तुले माहीत आहे. वाचून झालं, पदरानं डोळे पुसले, आन् भिंतीवरून पाहतो त ओट्यावर दाढी करून राह्यलेला हात थांबलेला. रामाजी गालाले साबण लावून बसलेला, आन् धोंडीबाचा वस्तरा हवेतच.

तिसऱ्या दिवशी पट्ट्यावर वस्तरा घासता घासता म्हणे, ‘डाव्या जबड्याखाली भोवरा आहे. उलटा नेते म्हणून कापत असन. लिही.’ मी लिहिलं. गरम फडक्याचं त्याचं. तुरटीचं त्याचं. आन् उपटाचंबी त्याचंच. माह्या नावानं लिहाले लावलं. अठराव्या वर्षी तुही पयली दाढी त्यानंच केली होती, भोवरा त्याच्या हाताले माहीत आहे.

मंग तुहं जुलैचं पत्र आलं. आता त मी लपतबी नोती, ओट्यावरच बसून वाचलं. लेझर झालंच नाई, हे आयकलं आन् त्यानं धोकटी बंद केली. नऊ दिवस उघडली नाई. रामाजी वाढलेली दाढी घेऊन तीनदा परत गेला, गावात बोलले का म्हाताऱ्याले काय झालं. मले म्हणे, ‘आता लिहू नोको. चाळीस वर्सं दाढ्या केल्या आन् लेकराचीच खराब केली.’ म्हणून तीन महिने पत्र नोतं. गुडघा दुखते ते खरं आहे, पण गुडघ्यानं थोडंच लिहितो मी.

बसस्टँडचं आयक. चाळीस वर्सांपासून तो त्याच बसनं येते-जाते. ती बस कदी सुटते, हे त्याले झोपेतून उठवून इचारलं तरी सांगन. तुले काऊन इचारलं असन मंग? घरी आला, हातपाय धुतले आन् मले म्हणे, ‘दिसली. बोलली नाई.’ स्कार्फ बांधला म्हणून बापाले कपाळ ओळखू येत नाई काय? मी तुले ते लिहिलं नाई, त्यानं नाई म्हटलं होतं.

आता तुहं हे मांगचं पत्र. हळदीकुंकवाचं वाचलं तवा मलेच लय वाईट वाटलं. नवरा गेल्यापासून मले कोणी कुंकवाले बाहेर बोलावलं नाई, मी बी आतल्या खोलीत वड्या लावत असतो. ते दार ओढून घेतात ना, त्याचा आवाज मले माहीत आहे. पुढचं वाचता वाचता मधातच थांबली. पाणी पेली, परत वाचलं. ते तिसऱ्या रस्त्याचं आलं तवा धोंडीबा उठून गेला. संध्याकाळी आला आन् म्हणे, कागद काढ.

पुढचं त्याचं आहे. तो सांगून राह्यला, मी लिहून राह्यली.

‘तिले लिही, सुईच कर म्हणा. एकेक केस आहे त एकेक केस. माहं कामबी एकेक केसाचंच आहे, घाई केली की रक्त निघते. दोन वर्सं म्हणजे काई लय नाई. पांढऱ्या केसाचं मनाले लावून घेऊ नोको, माह्या बापाची दाढीबी तिशीत पांढरी झालती. ते आपल्या घरातून आलं आहे, तिचा काई गुन्हा नाई.

चार दिवस कुठं जाऊ म्हणते. इथं येजो म्हणा. माह्या ओट्यावर जो येते तो वाढलेलीच दाढी घेऊन येते. पाटील येते, मास्तर येते, मयतीचं सुतक फिटलेले येतात. गुळगुळीत तोंडाच्या माणसाचं तिथं काय काम आहे? मी म्हटलं होतं, या तोंडानं ओट्यावर येऊ नोको. त्या ओट्यावर येवाले दुसरं कोणतं तोंड लागते? सहा वर्सं मले हे सुचलं नाई. न्हावी असून सुचलं नाई.

करण होऊन येईन म्हणते. नोको. तसं येणारं लेकरू मरून येते, असं तिनंच लिहिलं. मले मेलेलं नोको. आहे तशी येजो.

मी वस्तरा लावणार नाई. सुईवालीले केस लागते म्हणे, त राहू दे. काई करू नोको, नुस्ती बस. लोक बोलतीन. तामसीले नवीन सलून उघडलं आहे, ज्याले जाचं त्यानं तिथं जावं.’

एवढं सांगतलं आन् धोकटी उघडून बसला. कोणी गिऱ्हाईक नोतं, तरी साऱ्या वस्त्र्यांले धार लावली.

नळ आपला घरचा आहे. पाहिजे तेवढं पाणी भर.

जयवंता आत्या

•

आदिलाबाद
९ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र दुकानात आलं. अक्कानं फोडून दिलं, कारण मला हातानं फोडता येईना. वाचून मी मागच्या खोलीत गेले आणि दार मीच ओढून घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर आले. त्या दिवशी तिघींची मापं चुकली, अक्कानं परत घेतली.

तुझ्यावर मी रागवायला पाहिजे. रागवायची ताकद आली की रागवेन.

२४ तारखेला सुई आहे, सोमवारी. जाईन. गुरुवारी २० तारखेला सकाळी दाढी करणार नाही. दुपारच्या बसनं निघते. चार दिवस राहीन, सोमवारी पहाटे तिथूनच नागपूरला जाईन. परत येताना तोंड सुजलेलं असते, लाल असते, तेव्हाही तिथंच उतरू का, ते विचारून ठेव.

आले की चष्मा माझ्याजवळ दे. इथं आणून दोन्ही दांड्या बसवून देते. जांभळी साडी आणून राह्यली आहे, घरात नेसायला. बाबांच्या सदऱ्याला एका रंगाची बटणं आणते.

आल्यावर मला काही बोलायला लावू नका. मी खूप थकले आहे. मला त्या पोत्यावर भिंतीला टेकून नुसतं बसायचं आहे, आणि कोणीतरी माझ्या बाजूला दाढ्या करत असलं पाहिजे.

आणि हे पत्र गोठ्यामागं नेऊ नको. ओट्यावर बस. मोठ्यानं वाच.

तुमची
सुनयना